गोव्याच्या हवेत गाडीला काय कुठे लावायचं? सिलिकॉन, पीयू, बॉन्ड, अंडरकोट वगैरे

शिवोलकार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घर शिवोलीत. शापोरा नदी हाकेच्या अंतरावर, समुद्रही काही लांब नाही. गाडी जुनी हॅचबॅक, बारा महिने फणसाखाली उघड्यावर उभी. यंदाच्या पावसात तिने तीन दुखणी एकदम काढली आहेत. डाव्या सीटच्या पायाखाली पाणी साचतंय. दारांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेत, त्यातला एक नखाने टोकरला तर आत तांबडी पूड. आणि पुढच्या बंपरचा एक कान तुटून बंपर लोंबतोय.

म्हापशाला एका दुकानात दाखवली. त्याने खाली वाकूनसुद्धा न बघता पॅकेज सांगितलं: अंडरबॉडी कोटिंग, वर टेफ्लॉन, त्यावर सिरॅमिक. "पात्रांव (साहेब), चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) नवी करून देतो." म्हटलं आपणच काही करावं, तर हार्डवेअरवाल्याकडे सिलिकॉनच्याच चार तऱ्हेच्या ट्यूबा, शिवाय पीयू (पॉलियुरेथेन), बॉन्ड, एम-सील, अरल्डाईट. कुठलं घेऊ विचारलं तर म्हणाला, सगळं चिकटतं!

चवथीला सत्तरीत गावच्या घरी जायचंय, घरची माणसं आणि माटोळीचं (गणपतीवर फळं-फुलं टांगतात ती चौकट) सामान घेऊन. त्याआधी काय उरकावं आणि काय थांबवावं?

रिंगपाना

फोंड्याला माझं छोटं गॅरेज आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. चवथीआधी बंपर होईल आणि पाणी थांबेल. फोडांना आत्ता हात लावू नका. का ते खाली येतं.

आधी पाणी. एकही ट्यूब विकत घेऊ नका. पाय ठेवतो तिथलं कार्पेट उचला, खालचा फोम पिळा आणि पाणी बोटाला लावून बघा. बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर हीटरचा कूलंट गळतोय, तो वेगळा विषय. पाऊस नसतानाही फक्त एसी चालवल्यावर येत असेल तर एसीची पाणी सोडायची नळी तुंबली आहे. खालून बारीक तारेने मोकळी होते. पाऊस पडल्यावरच येत असेल तर बॉनेट उघडा आणि वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढा. फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे काय सापडणार हे मी इथून सांगतो: कुजलेल्या पानांचा काळा रेंदा. त्या पन्हळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. ती तुंबली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट पायाखाली. रेंदा काढला की काम संपलं.

तरीही येत असेल तर दाराचं पॅड काढा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते जायलाच हवं, आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. आतला जो प्लास्टिकचा पडदा असतो तो ते पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. कोणी स्पीकर बसवायला किंवा काचेचं मशीन बदलायला पडदा फाडला आणि तसाच दाबून ठेवला, की झाली गळती सुरू. तो पडदा ब्युटाईल टेपने चिकटवायचा. काळी, डिंकासारखी, कधीच न वाळणारी पट्टी येते. सिलिकॉनने चिकटवलात तर पुढच्या वेळी दार उघडणारा मेस्त (मिस्त्री) तुम्हाला शिव्या घालेल.

ही सगळी शोधाशोध करताना पाइपाने पाणी मारायचं ते खालून वर, एकेक भाग करत. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. बीडिंगवर (दाराच्या कडेच्या रबरावर) शंका असेल तर आतल्या बाजूने टाल्कम पावडर भुरभुरा. पाणी जिथून शिरतं तिथे पावडरीत ओघळ उमटतो.

झुआरीपार

+१. आमच्या वास्कोत एकाने दाराच्या खालून पाणी टपकतं म्हणून ती भोकं सिलिकॉनने बुजवली होती. पाणी टपकायचं थांबलं. दुसऱ्या पावसाळ्यात दाराची खालची कडच हातात आली.

अवखळ

@रिंगपाना, फोडांना का हात लावायचा नाही? माझ्या स्कूटरच्या पत्र्यालाही तसेच आलेत, मडगावला एक पेंटर आठवड्यात करून देतो म्हणाला.

रिंगपाना

अवखळताई, करून देईल. पुढच्या शिमग्यापर्यंत परत येतील.

दोन कारणं. पहिलं हवेतला दमटपणा. रंगकामाचा साधा नियम असा की हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारू नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा बहुतेक वेळ ८५च्या वरच. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर ओलीचा पापुद्रा असतो आणि प्रायमर त्या पापुद्र्यावर बसतो. बंदिस्त, गरम हवेचं पेंट बूथ असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली हे होत नाही. जुन्या तऱ्हेचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंग लगेच दुधाळ पडतो. पेंटर मग त्यात रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घालतो, वर पॉलिश मारतो आणि गाडी देतो.

दुसरं कारण मीठ. नुसतं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतली ओल ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच तुमच्या दाराच्या शिवणीत होतं. म्हणजे पाऊस नसला, गाडी छपराखाली असली, तरी त्या कोपऱ्यात खारं पाणी असतंच. त्यावर प्रायमर मारला तर खालचं मीठ रंगातूनही पाणी आत ओढतं आणि पुन्हा फोड. म्हणून गंज घासायच्या आधी आणि घासल्यावरही गोड्या पाण्याने धुवायचं, तेही भरपूर. आमच्याकडे हे सगळ्यात कमी होतं. मेस्त थेट ग्राइंडर लावतो, ठिणग्या उडतात, गिऱ्हाईक खूश.

मग आत्ता काय? दाराच्या खालची भोकं केबल टायच्या टोकाने मोकळी करा. तांबडी माती लाह्यांसारखी गळून पडेल. धुवा, दोन-चार तास उघडं ठेवून ब्लोअरने वाळवा आणि आतून कॅव्हिटी वॅक्स सोडा. त्याला लांब नळी असते, ते पातळ असतं आणि शिवणीत झिरपतं. बाहेरच्या फुटलेल्या फोडावर तेच मेण किंवा ग्रीस पुसून ठेवा. गंज थांबणार नाही, पण दिवाळीपर्यंत मंदावेल. नोव्हेंबरात कोरडं वारं सुटलं की खरं काम. मात्र पेंटर मेण बघून कुरकुरेल, ते त्याने थिनरने नीट काढायला हवं. हे मेण-ग्रीस पेट्रोलियमचं असूदे, सिलिकॉनचं नको. सिलिकॉनचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग मारला की गोल गोल खळगे पडतात आणि ते घासूनही सहज जात नाहीत.

मालिमचो_व्हडेकार

फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, मालिम जेटीवर. गाड्यांचं मला रिंगपानांएवढं कळत नाही, पण दमट हवेचं कळतं.

लोकांना वाटतं दमट हवा सगळ्याच मालाला वाईट. तसं नाही. एकाच हवेत निम्मा माल सुखावतो, निम्मा मरतो. सिलिकॉन, पीयू आणि एमएस पॉलिमर (ट्यूबमधलाच आणखी एक सीलंट) हवेतली ओल पिऊनच घट्ट होतात. फेविक्विकही तसंच. ही कामं भर पावसात छपराखाली बिनधास्त करा, उलट लवकर होतात. फक्त जागा ओली नको, हवा ओली चालते. ओल्या जागेवर पीयू टाकलं तर आत बुडबुडे धरतं.

इपॉक्सी उलटं. रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी जुळतात, त्यांना हवेची गरज नाही. दमट दिवसात हार्डनरमधला अमाइन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी भिडतो आणि वर एक मेणचट साय धरते. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकचिकीत. त्यावर दुसरा हात मारला की तो सोलून येतो. थिनरने ती नीट जात नाही, नुसती पसरते. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी यांनी निघते. मग वाळवून पॉलिश पेपर मारायचा. गाडीला इपॉक्सी प्रायमर मारणारे किती जण हे करतात, देव जाणे.

अजून एक. तुमच्याकडे कोणी बोटीला लावतात तसा जस्ताचा गोळा गाडीला लावून गंज थांबतो म्हणून विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा. जस्त झिजून लोखंड वाचतं ते दोन्ही एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेलं असतं तेव्हा. हवेत उभ्या गाडीत तो गोळा नुसता ओझं. झिंक भरलेला प्रायमर चालतो, कारण जस्त तिथे पत्र्याला कणाकणाने टेकलेलं असतं, आणि तेही उघड्या, चकचकीत पत्र्यावर मारला तरच.

शिवोलकार

बाप रे. वाचतोय. सिलिकॉनच्या चार तऱ्हा कोणत्या तेही सांगा की. एकाला तर उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा वास आला.

झुआरीपार

तो बाथरूमचा. तीच ट्यूब गाडीवर वापरायची नाही. वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतो, उघड्या लोखंडाला गंज आणतो आणि तांब्याच्या वायरी हिरव्या करतो. वायरिंगजवळ, दिव्यांत, कनेक्टरवर तर अजिबात नको. बिनवासाचा किंवा हलक्या वासाचा न्यूट्रल घ्या, ट्यूबवर लिहिलेलं असतं.

इंजिनचा आरटीव्ही वेगळा, तो तेल आणि तापमान सोसणारा. अनाबॉन्ड वगैरे गॅरेजवाले ज्याला नुसतं बॉन्ड म्हणतात तो. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यासाठी सेन्सर-सेफ लिहिलेला बघून घ्यावा. आणि बाजारातला कुठलाच साधा सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही. फुगतो आणि सोलून निघतो. कार्ब्युरेटरच्या वाटीला, टाकीच्या नळाला सिलिकॉन लावणारा मेस्त दिसला तर गाडी उचला आणि निघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबरी रिंगा तशाच कडक होतात. तिथे नवी रिंग हाच उपाय.

बाइकवाल्यांसाठी: कंपनीने जिथे कागदी पॅकिंग दिलंय तिथे कागदी पॅकिंगच घाला. त्यावर बॉन्ड थापायची आपल्याकडे रीतच आहे. पॅकिंग घसरतं, बॉन्ड आतल्या बाजूला गोळा होऊन तुटतो आणि चेंबरमधल्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की तेलाचा दाब गेला, मग इंजिन. जिथे पॅकिंगच नसतं, जसं बऱ्याच गाड्यांच्या चेंबरला, तिथे दोन-तीन मिलिमीटरची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हाताने टेकेल इतपत आवळायचं, थोडं धरू द्यायचं, मग पूर्ण आवळायचं. तेल दुसऱ्या दिवशी.

तांबडी_माती

डिचोलीहून. ट्रकवाले खालून जळकं तेल आणि डिझेल मिसळून मारतात त्याबद्दल कोणीच बोलत नाही? आमच्याकडे खाणीचे टिप्पर वर्षानुवर्षं त्यावरच टिकलेत. फुकटात होतं.

रिंगपाना

टिप्परची चेसी जाड लोखंडाची असते, तुमच्या हॅचबॅकचा पत्रा मिलिमीटरभरही नाही. तेल गंज अडवतं हे खरं. पण जळक्या तेलात इंजिनमधलं आम्ल आणि धातूचा चुरा असतो, डिझेल रबरी बुश फुगवतं, आणि ते सगळं पहिल्या पावसात तुमच्या विहिरीकडे वाहतं. ब्रेकवर उडालं तर विचारूच नका. तेलच हवं असेल तर लॅनोलिनचं घ्या. मेंढीच्या लोकरीतली चरबी. ओलीला धरून राहतं, वाळून तडकत नाही, रबराला बहुधा मानवतं. दरवर्षी पावसाआधी मारावं लागतं, एवढंच.

पॅकेजवाल्यांच्या काळ्या अंडरकोटबद्दल: नव्या गाडीला कारखान्यातच ई-कोट (विजेने चढवलेला प्रायमर) आणि खाली पीव्हीसीचा थर असतो. चाकांच्या कमानीत आणि सिलवर (दाराखालच्या पत्र्यावर) दगड उडतात तिथे रबराइज्ड कोट जरूर मारा. जुन्या, गंज धरलेल्या गाडीवर मारायचा म्हणजे गंजाला पांघरूण घालायचं. डांबराचा कोट काही वर्षांत कडक होऊन तडकतो, तडकेतून खारं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. वरून काळं कुळकुळीत, आतून पापड. मारणाऱ्याने भोकं, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या, शाफ्ट झाकले का ते उभं राहून बघा. बहुतेक ठिकाणी "जाऊन चहा घेऊन या" म्हणतात ते याचसाठी.

घाटावरचा

पुण्याहून वाचतोय. गोव्याची एक जुनी एसयूव्ही स्वस्तात मिळतेय, खालून ताजा काळा कोट मारलेला आहे. घ्यावी का?

रिंगपाना

ताजा कोट हेच न घेण्याचं कारण मानून सुरुवात करा. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ सिलवर आणि जॅक लावायच्या जागेवर ठोकत जा. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो. स्पेअर चाक काढून त्या खळग्याच्या शिवणी बघा, सीटबेल्टचे बोल्ट बघा, मागच्या सस्पेन्शनच्या जागा बघा. आणि किनाऱ्यावर फिरवलेली गाडी असेल, जी गोव्यात बेकायदा आहे पण फिरवतात, तर पुढच्या काऊलच्या (वायपरखालच्या पन्हळीच्या) कोपऱ्यात बारीक वाळू मिळते. ती कितीही धुतली तरी राहते.

चकचकीत

डिटेलिंगचं काम करतो, त्यामुळे सगळे सिरॅमिकला नावं ठेवायच्या आत बोलतो. :)

सिरॅमिक चांगलं आहे, पण विकणारे त्याच्या नावावर काहीही खपवतात. सिलिकाचा एक-दोन मायक्रॉनचा थर असतो. गाडीचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन. त्यामुळे सिरॅमिकने पाणी पटकन ओघळतं, धूळ सहज सुटते, ऊन थोडं कमी लागतं. दगड लागला तर खड्डा पडणारच. बाटलीवर लिहितात ते ९एच म्हणजे पेन्सिलींच्या मापावरचा ९. खनिजांच्या कडकपणाच्या मोहज मापावर ९ म्हणजे माणिक आणि नीलम, तितका कडकपणा कोणाच्या बापाला बाटलीत भरता आलेला नाही. दगडापासून खरंच वाचवायचं असेल तर पीपीएफ, ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म असते. बॉनेटच्या पुढच्या कडेला तेवढी लावा, सगळ्या गाडीला लावायचे पैसे वाचवा.

आणि टेफ्लॉन. ज्याच्यावर काहीच चिकटत नाही तो पदार्थ हाताने चोळून गाडीच्या रंगाला चिकटणार कसा, हे दुकानदाराला विचारून बघा. पॅकेजात टेफ्लॉनवर सिरॅमिक सांगितलंय ते तर उलटच. सिरॅमिकखाली रंग अगदी कोरा, तेल-मेण काढलेला लागतो.

शिवोलकारांच्या गाडीला सिरॅमिक लावण्यात अर्थ नाही. साधं पॉलिमर सीलंट किंवा कार्नोबा मेण, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. आणि फणसाच्या चिकाचे डाग पडले असतील तर उन्हात वाळायच्या आत केरोसिनच्या हलक्या हाताने पुसून शाम्पूने धुवा.

रिंगपाना

चकचकीत, तुझ्याशी आज पहिल्यांदा सहमत. पण झाडाखालून गाडी हलवा हा सल्ला कोणीच देत नाहीये!

शिवोलकार

हलवून कुठे नेऊ, मागे तळं आहे. :( बंपरचा कान कशाने जोडू ते राहिलं. फेविक्विक मारून बघितलं, म्हापसा सर्कलपर्यंत टिकलं.

रिंगपाना

बंपरच्या आतल्या बाजूला अक्षरं कोरलेली असतात ती वाचा. पीपी किंवा पीपी प्लस ईपीडीएम असेल, आणि बंपर बहुतेक तोच असतो, तर त्याला फेविक्विक, अरल्डाईट, एम-सील यांतलं काहीच धरत नाही. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ते तेलकट जातीचं प्लास्टिक आहे. एम-सीलचा गोळा आत्ता घट्ट वाटेल आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर खड्ड्यात सुटेल. त्यासाठी अ‍ॅडहेजन प्रमोटर (चिकटायला मदत करणारा पहिला हात) मारून मग दोन भागांचा प्लास्टिक बॉन्ड, नाहीतर सरळ प्लास्टिक वेल्डिंग. म्हापशात करणारे आहेत. गरम पिन आडव्या बसवून वरून पीपीची कांडी वितळवतात, अर्ध्या तासाचं काम. चवथीपुरतं म्हणाल तर दोन भोकं आणि दोन केबल टाय.

अवखळ

आणि स्कूटरचं साइड पॅनल? तेही पीपी?

झुआरीपार

ते बरेचदा एबीएस (वेगळ्या जातीचं कडक प्लास्टिक) असतं, आत लिहिलेलं बघून घ्या. एबीएस असेल तर सोपं. जुन्या तुटक्या पॅनलचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करायची आणि आतून भेगेवर भरायची. तेच प्लास्टिक पुन्हा एकजीव होतं. आतून फायबरची जाळी लावलीत तर उत्तमच. बाहेरून रंगावर अ‍ॅसिटोन सांडू नका आणि खिडकी उघडी ठेवा. फेविक्विक भेगेवर चालतं पण ठिसूळ, थरथराटात परत तडकतं.

एक धोका सांगून ठेवतो, पॅनलचे स्क्रू सैल होतात म्हणून त्यांवर थ्रेडलॉकर (आटे जखडणारा द्रव) घालू नका. तो एबीएसला आतून भेगा पाडतो. थ्रेडलॉकर धातूत धातू असेल तिथेच. हवा तुटली आणि धातूशी गाठ पडली की घट्ट होतो. लॉकटाइटमध्ये जांभळा २२२ बारीक स्क्रूना, निळा २४३ रोजच्या कामाला, लाल २७१ कायमचा. लाल सोडवायला बोल्ट अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. लोक लाल म्हणजे भारी समजून ब्रेक लीव्हरलाही लाल लावतात.

मालिमचो_व्हडेकार

झुआरीपारांच्या बोल्टवरून आठवलं. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू घालणारे बाइकवाले आमच्याइतकेच पस्तावतात. खारी ओल मिळाली की अ‍ॅल्युमिनियम खातं, पांढरी पूड धरते आणि स्क्रू जाम. घालताना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. छतावरचा कॅरियर, फूटरेस्ट, नंबर प्लेटची पट्टी, सगळीकडे.

आणि फेरीबोटीतून रोज जाणाऱ्यांना. रायबंदर-चोडणची मांडवी पावसात बरीच गोडी असते, तेव्हा उडालेल्या पाण्याचं फारसं काही नाही. मार्च ते मे तीच खारट. त्या महिन्यांत रॅम्पवरून उतरताना चाकांवर उडालं तर घरी जाऊन खालून पाइप मारा. पाऊस वरून गाडी धुतो, कमानीच्या आतल्या ओठावर त्याचा थेंब पोचत नाही.

अवखळ

पुढची काच बदलायची आहे काकांच्या गाडीची. घरी येऊन सिलिकॉनने बसवून देतो म्हणतोय एक जण, निम्म्या पैशात.

रिंगपाना

नाही म्हणा. पुढची काच पीयूनेच बसवायची. ती छपराच्या मजबुतीचा भाग आहे आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगून काचेवर टेकते. सिलिकॉनवर बसवलेली काच त्या धक्क्याने बाहेर जाईल. काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो तो नुसता शोभेचा नाही, पीयूला ऊन लागू नये म्हणून असतो. पीयू उन्हात खंगतं. बसवणाऱ्याने जुनं पीयू पूर्ण खरवडायचं नाही, पातळ थर ठेवून त्यावर नवं घालायचं. खरवडताना पत्रा ओरखडला तर तिथे प्रायमर, नाहीतर दोन वर्षांत काचेखालून गंज. गाडी कधी चालवायची ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचं. आणि पहिले एक-दोन दिवस दारं आपटू नका, काच थोडी उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की हवेचा दाब काचेला बाहेर ढकलतो.

शिवोलकार

जाळी काढली. पानं तर होतीच, एक बेडूकही होता. वाळवून बघतोय. शेवटचा प्रश्न: एमएस पॉलिमर आणि ब्युटाईल आणलं, उरलेलं टिकवायचं कसं? आपल्या हवेत ट्यूब दगड होते.

मालिमचो_व्हडेकार

ब्युटाईलचं काही होत नाही, कागद लावून गुंडाळी धूळ नसलेल्या जागी ठेवा. एमएस आणि पीयूच्या तोंडात थोडा माल बाहेर काढून तसाच वाळू द्या, त्याचंच बूच होतं. पुढच्या वेळी स्क्रूने ओढून काढा. वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. तरी पावसाळ्यात उघडलेल्या पीयूवर फार भरवसा नको, लहान ट्यूबच घ्यावी. फेविक्विक हवाबंद डब्यात, बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून.

झुआरीपार

थ्रेडलॉकरचं बरोबर उलटं. बाटली अर्धी रिकामी मिळते ती लबाडी नाही, आतली हवाच त्याला पातळ ठेवते. तो काठोकाठ भरून किंवा लोखंडी डबीत काढून ठेवू नका, आत घट्ट होईल. बोल्टला टेकवलेलं बाटलीचं तोंडही पुसूनच बंद करा, लोखंडाचा कण आत गेला तरी पुरे.